वरच्या लेफ्काचं स्वच्छ ध्वनिमुद्रण

वरच्या लेफ्का गावच्या सभेचा वृत्तान्त नगरपालिकेकडून टंकलिखित होऊन आला, तेव्हा झिसिस कारकुनाने तो दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. त्यात लिहिलं होतं: "विषय दुसरा. अध्यक्ष पोलिख्रोनिस: पाण्याच्या टाकीचं टक टक झाकण टक गंजलंय. सदस्य स्तेर्यिओस: टक टक टक. अध्यक्ष: ठण्ण. सदस्य: भो. भो भो. ठराव एकमताने भो."

हा वृत्तान्त कुणा माणसाने लिहिला नव्हता. वसंतापासून नगरपालिकेने नवी पद्धत काढली होती. गावोगावच्या सभा यंत्रावर मुद्रित करायच्या, फाइल खाली नगरपालिकेच्या गावी, पेत्रोरेमाला, पाठवायची, आणि तिथला संगणक ती ऐकून आपली आपण टाइप करायचा. संगणक प्रामाणिक होता. जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. टक टक ही स्तेर्यिओसच्या हातातली मण्यांची माळ होती. शेळ्यांमागे असताना, चर्चमध्ये, जेवताना, ती त्याच्या बोटांत फिरतच असते. ठण्ण हा लाम्ब्रिनीचा कॉफीचा ट्रे होता, आणि शेवटचा सदस्य तिचा कुत्रा. सभा लाम्ब्रिनीच्या काफेनियोत, म्हणजे कॉफीच्या दुकानात, भरते, कारण पंचायतीच्या खोलीतली शेगडी तीन वर्षांपूर्वी फुटली, आणि शेगडी दुरुस्त करायची की नाही यावर अजून सभा झालेली नाही.

वृत्तान्तासोबत नगराध्यक्ष अरिस्तिदिस यांच्या सहीचं पत्र होतं. झिसिसने ते काफेनियोत उभं राहून वाचून दाखवलं.

"यापुढे फक्त स्वच्छ केलेलं ध्वनिमुद्रण ग्राह्य धरलं जाईल. स्वच्छतेसाठीचा प्रोग्रॅम सोबत पाठवला आहे. कलम चार: अस्वच्छ प्रती ठेवू नयेत. कलम सात: मुद्रणात ज्याचं मत ऐकू येणार नाही, त्याची संमती आहे असं मानलं जाईल."

"म्हणजे गप्प बसलेला माणूस कबूल झाला?" अध्यक्ष पोलिख्रोनिसने विचारलं. बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ पूर्वी ट्रक चालवायचा आणि आता गावही त्याच हाताने चालवायचा, म्हणजे वळण आलं की भोंगा वाजवायचा आणि पुढे काय असेल ते देवावर सोडायचा.

"असं लिहिलंय खरं."

"मग काळजी नको. या गावात गप्प कोण बसतं?"

झिसिसला मात्र काळजी होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो अविवाहित होता, आईजवळ राहायचा, आणि सगळ्या पंचक्रोशीत संगणक येणारा म्हणून त्याला एक प्रकारचा मान होता. "ठराव एकमताने भो" ही ओळ खालच्या लेफ्काच्या लोकांपर्यंत पोचली होती, आणि बसचा ड्रायव्हर आता वरच्या लेफ्काच्या थांब्याला दार उघडताना भुंकायचा.

त्यामुळे पुढच्या सभेला झिसिसने यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि हात जोडले. "स्तेर्यिओस, ती माळ खिशात टाक."

"खिशात टाकली तर विचार कसा करू?"

"आजवर काय केलास तो पुरे आहे," लाम्ब्रिनी काउंटरमागून म्हणाली, आणि नेमका त्याच वेळी तिच्या हातून चमच्यांचा डबा पडला.

"राहू द्या," झिसिस म्हणाला. "प्रोग्रॅम आहे. बघून घेईल."

सभेत टाकीचं झाकण पुन्हा आलं, अक्रोडाच्या फांद्या आल्या, चौथा विषय आला तेव्हा अध्यक्षांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "नगरपालिकेचा प्रस्ताव. डॉक्टरांची दर मंगळवारची फेरी वरच्या लेफ्काऐवजी खालच्या लेफ्काला न्यावी. इंधनाची बचत."

काफेनियोत क्षणभर कुणाला कळलंच नाही. खालचं लेफ्का नऊ किलोमीटरवर, रस्ता सगळा वळणांचा. बस सोमवारी आणि गुरुवारी. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी सोमवारी खाली जायचं, मंगळवारी डॉक्टरला भेटायचं आणि गुरुवारी परत यायचं. आणि मधले दिवस राहायचं कुणाकडे, तर ज्या खालच्या लोकांनी आपल्या आजोबांच्या काळात चर्चची घंटा पळवली त्यांच्याकडे! गावात पंच्याहत्तर माणसं, त्यांतली साठ रक्तदाबाच्या गोळ्यांवर. दारात उभ्या असलेल्या किरा पेलागियाने, म्हणजे झिसिसच्या आईने, छातीवर क्रॉस काढला. तिच्या गुडघ्यांना महिन्यातून एक सुई लागायची. सुई चुकली की घरातल्या घरात काठी, आणि काठी हातात असली की झिसिसचे हाल.

"स्तेर्यिओस, तू कबूल?" अध्यक्षांनी विचारलं.

स्तेर्यिओसने भुवया उचलल्या, हनुवटी वर नेली आणि जीभ टाळूला लावून सोडली. "च्च."

आमच्याकडे नकार असाच देतात. "नाही" हा अख्खा शब्द लोक शेताच्या बांधासाठी आणि घटस्फोटासाठी राखून ठेवतात. रोजच्या वापराला "च्च" पुरतो. त्यात अपमान नसतो, वादाला जागा नसते, आणि तोंडातली सिगारेटही खाली पडत नाही. अध्यक्षांनी उरलेल्या तिघांना विचारलं. च्च. च्च. च्च. मग त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं करून स्वतःही एक दिला. लाम्ब्रिनीला मत नव्हतं, तरी तिनेही काउंटरमागून दिला. इतका जोरदार विरोध गावाने टपाल कार्यालय बंद झालं तेव्हाही केला नव्हता.

घरी येऊन झिसिसने प्रोग्रॅम उघडला. त्याचं तत्त्व साधं होतं. माणूस बोलतो तेव्हा आवाज येतो, जरा टिकतो, चढतो, उतरतो. दार आपटतं, चमचा पडतो, तेव्हा आवाज एकदम येतो आणि एकदम जातो. जो एकदम येऊन एकदम गेला तो काढून टाकायचा आणि तिथे शांतता भरायची. सौम्य, मध्यम आणि कडक अशा तीन पायऱ्या होत्या. झिसिसला बसचा ड्रायव्हर आठवला आणि त्याने कडक निवडलं.

पहिली दहा मिनिटं ऐकताना त्याचे डोळे भरून आले. माळ नाही, ट्रे नाही, कुत्रा नाही. अध्यक्ष टाकीच्या झाकणाबद्दल बोलत होते, आणि असं वाटत होतं की ते राष्ट्राला उद्देशून बोलताहेत.

"आई, ऐक! चमच्यांचा डबा कुठे गेला बघ!"

"लाम्ब्रिनीकडेच असेल की," किरा पेलागिया म्हणाली. "जेव आधी, भात गार होतोय."

तो जेवायला उठला. पुढची चाळीस मिनिटं त्याने ऐकली नाहीत, कारण पुढे काय बोललं गेलं ते त्याला ठाऊकच होतं. कलम चारप्रमाणे प्रोग्रॅमने जुनी अस्वच्छ प्रत आपणहून पुसून टाकली होती. जेवण झाल्यावर झिसिसने स्वच्छ प्रत पेत्रोरेमाला पाठवली आणि बऱ्याच दिवसांनी तो शांत झोपला.

आठ दिवसांनी नगरपालिकेचं जाड पाकीट आलं. आत वर सोनेरी कडेचं प्रमाणपत्र होतं: "उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाबद्दल ग्रामसमाज वरचं लेफ्का यांस." अध्यक्षांनी तिथल्या तिथे खिळा मागितला. लाम्ब्रिनीने फुटबॉल संघाचा फोटो काढून ती जागा दिली. त्सिपुरो दारूची एक फेरी झाली, बसच्या ड्रायव्हरला आता काय काय ऐकवायचं याची उजळणी झाली, आणि मग कुणीतरी म्हणालं की पाकिटात आणखी एक कागद दिसतोय.

"डॉक्टरांची फेरी खालच्या लेफ्काला नेण्याचा प्रस्ताव," झिसिस वाचू लागला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला, "सर्व सदस्यांच्या संमतीने... एकमताने मंजूर. अंमलबजावणी या मंगळवारपासून."

मग जे सुरू झालं ते कुठल्याच प्रोग्रॅमला स्वच्छ करता आलं नसतं. पंच एकमेकांवर धावून गेले. कुणीतरी फितूर झाला होता यात शंका नव्हती. प्रश्न इतकाच होता की पाचांपैकी कोण. स्तेर्यिओसची मेहुणी खालच्या लेफ्कातली, हे कुणीतरी काढलं. अध्यक्षांची दुसऱ्या वेळची निवडणूक कुणामुळे झाली, हेही निघालं. किरा पेलागिया काठी टेकत आली आणि तिने टेबलावर काठी आपटली.

"ऐकवा ते! यंत्र आहे ना? ऐकवा, म्हणजे कळेल कुणाचं तोंड शिवलं होतं ते!"

झिसिसने ऐकवलं. अध्यक्षांचा स्वच्छ, भारदस्त आवाज आला: "स्तेर्यिओस, तू कबूल?" नंतर शांतता. इतकी शांतता काफेनियोत कधी कुणी ऐकली नव्हती. मग दुसरं नाव, शांतता. तिसरं, चौथं. शेवटी अध्यक्षांचीही शांतता आली, आणि ती ऐकताना स्वतः अध्यक्ष पांढरे पडले.

"मी गप्प होतो?" स्तेर्यिओस माळ फिरवायची विसरला. "आईच्यान, मला आठवतं की मी बोललो होतो."

"काय बोललास?" किरा पेलागियाने विचारलं.

"काय म्हणजे? जे बोलायचं तेच. च्च."

झिसिसच्या हातातून यंत्राची वायर सुटली. तो खुर्चीवर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. "आई," तो म्हणाला, "फितूर मी आहे."

'च्च'ही एकदम येतो आणि एकदम जातो, हे गावाला समजावून सांगायला त्याला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर गावाला त्याच्याशी बोलणं थांबवायला एक मिनिटही लागलं नाही. मंगळवारी डॉक्टरची निळी गाडी आली नाही. साठ माणसं सवयीने दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली आणि अकरा वाजता उठून गेली. किरा पेलागियाने जेवण वाढलं, पण ताट त्याच्यासमोर न ठेवता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. "ये इकडे चालत," ती म्हणाली. "बघ तुला जमतंय का. मला तर आता जमायचं नाही." हे त्याला काठीपेक्षा जास्त लागलं. रात्री ती पलंगावरून उठताना भिंतीला धरत होती, हे त्याने पाहिलं होतं.

त्याने पेत्रोरेमाला फोन लावला. वृत्तान्त विभागाच्या किरिया एव्रिदिकीबाई फार गोड बोलल्या.

"अहो, तुमचं मुद्रण आम्ही सगळ्या गावांना नमुना म्हणून पाठवलंय! काय ती शांतता!"

"बाई, त्या शांततेत पाच माणसं 'नाही' म्हणताहेत."

"कितव्या मिनिटाला?"

"बेचाळिसाव्या."

कळा दाबल्याचा आवाज आला. "बेचाळिसाव्या मिनिटाला काही नाही."

"तेच सांगतोय मी. तिथे काही नाही, कारण प्रोग्रॅमने काढलं. सगळ्या गावाने कानांनी ऐकलंय."

"गावाने काय ऐकलं ते ग्राह्य नसतं हो. मुद्रणात जे आहे ते ग्राह्य. नगराध्यक्षांचं तसं स्पष्ट परिपत्रक आहे." मग त्यांना दया आली असावी. "पुन्हा सभा घ्या. अरिस्तिदिससाहेबांना बोलवा. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, सध्या ते बोलावलं की कुठेही जातात."

नगराध्यक्ष पुढच्या गुरुवारी येणार असं ठरलं. मधले आठ दिवस काफेनियोत "नाही" म्हणण्याची तालीम चालली. झिसिसने आपल्याकडून इतकंच मागितलं होतं: तोंड उघडा, पूर्ण शब्द म्हणा, आणि सावकाश म्हणा, ओरडलात तर तोही अचानक आलेला आवाज धरला जाईल. लाम्ब्रिनीने परीक्षकाचं काम घेतलं.

"स्तेर्यिओस, डॉक्टर खाली जाऊ दे का?"

"च्च."

"तोंडाने!"

"लाज वाटते गं. माणसाच्या तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? बायकोलासुद्धा मी चाळीस वर्षांत कधी 'नाही' म्हटलेलं नाही."

"मग तिला काय म्हणतोस?"

"बरं म्हणतो. आणि शेळ्यांकडे जातो."

"दर अठ्ठावीस ऑक्टोबरला," लाम्ब्रिनी कडाडली, "याच चौकात झेंडा लावता! आपल्या देशाने परक्या हुकूमशहाला एका शब्दात 'नाही' सांगितलं म्हणून छात्या फुगवता, माझ्याकडून उधार पिता! आणि आता तुमच्याच्याने तो शब्द निघत नाही?"

"तेव्हा देश म्हणाला होता," अध्यक्ष म्हणाले. "आपल्याला एकेकट्याने म्हणायचंय."

तरी जमत गेलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत पाचही जण, भुवया न उचलता, हनुवटी जागेवर ठेवून, "ना-ही" म्हणू शकत होते. स्तेर्यिओसचं तर इतकं छान बसलं की घरी बायकोने मीठ आणायला सांगितल्यावर त्याच्या तोंडून तेच गेलं, आणि रात्र त्याने शेळ्यांजवळ काढली.

गुरुवारी नगराध्यक्ष अरिस्तिदिस आले. भरदार, लालबुंद, हसतमुख माणूस. आले ते प्रत्येकाच्या आईची नावानिशी चौकशी करत, आणि ज्यांच्या आया वारल्या होत्या त्यांचीही करत. बावीस वर्षं ते राजकारणात होते आणि त्यांचं सगळं यश एका गोष्टीत होतं: ते कधी कुणाला नकार देत नसत. "बघू" म्हणत, "विचार चाललाय" म्हणत, "फाइल वर गेलीय" म्हणत. टपाल कार्यालय बंद झालं तेव्हा तर त्यांनी गावाचं अभिनंदन केलं होतं.

यंत्र सुरू झालं. अध्यक्षांनी प्रश्न वाचला आणि पाच जणांनी, एकेक करून, पाच सुंदर, गोल, टिकाऊ "नाही" म्हटले. मागे उभ्या बायकांनी डोळे पुसले. झिसिसला वाटलं आता गाव आपल्याशी बोलेल.

नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "वा! इतका स्पष्ट नकार मी आयुष्यात ऐकला नाही. पण मंडळी, उशिरा आला. मंजूर झालेला ठराव ग्रामसमाजाला मोडता येत नाही. तो फक्त नगराध्यक्षाला मागे घेता येतो."

"मग काम सोपंच झालं," पोलिख्रोनिस म्हणाले. "नगराध्यक्ष इथेच बसलेत. तुम्ही ठराव मागे घेता का? डॉक्टर मंगळवारी परत वर येऊ दे, याला तुम्ही कबूल?"

अरिस्तिदिस अजून हसत होते. त्यांनी ऑलिव्हची बी बशीत टाकली. मग त्यांच्या भुवया वर गेल्या, हनुवटी वर गेली, कारण तेही शेवटी याच डोंगरातले, आणि जिभेने टाळू सोडला.

"च्च."

किरा पेलागिया खुर्चीचा आधार घेत उठली आणि कुणाकडे न बघता घराकडे निघाली. नगराध्यक्षांनी कोट घातला, लाम्ब्रिनीच्या पाईची स्तुती केली आणि दारातून झिसिसच्या पाठीवर थाप मारली. "मुद्रण उद्यापर्यंत पाठव हं. आणि तुझं ते कडक स्वच्छ करून! आम्हांला तुझा अभिमान आहे."

घरी आई पलंगावर गुडघ्यांना गरम मिठाची पुरचुंडी लावून बसली होती. झिसिस संगणकासमोर बसला. त्याला रडावंसं वाटत होतं, पण उद्यापर्यंत पाठवायचं होतं, म्हणून त्याने प्रोग्रॅम उघडला, कडक निवडलं आणि बटण दाबलं. या वेळी त्याने ठरवलं की शेवटपर्यंत ऐकायचं. पाच "नाही" आले, जसेच्या तसे. टाळ्या गेल्या होत्या. मग पोलिख्रोनिसचा आवाज आला: "डॉक्टर मंगळवारी परत वर येऊ दे, याला तुम्ही कबूल?"

आणि मग शांतता.

झिसिसने ते पुन्हा ऐकलं. मग त्याने खणातून परिपत्रक काढलं आणि कलम सात बोट ठेवून वाचलं. त्यात "सदस्य" असं लिहिलं नव्हतं. "ज्याचं मत ऐकू येणार नाही, त्याची" असं लिहिलं होतं, आणि खाली ऐटदार सही होती.

"आई," तो म्हणाला, "नगराध्यक्ष काय म्हणाले ते तू ऐकलंस ना?"

"माझे गुडघे गेलेत, कान नाहीत."

"हे ऐक."

तिने ऐकलं. पुरचुंडी तिच्या हातात तशीच राहिली. मग ती हळूच म्हणाली, "पोरा, हे पाप आहे का रे?"

"माहीत नाही," झिसिस म्हणाला. "पण मला लेखी हुकूम आहे. स्वच्छ करायचं, अस्वच्छ प्रत ठेवायची नाही, उद्यापर्यंत पाठवायचं. मी कारकून माणूस. मी नियम मोडत नसतो." हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. त्याने फाइल पाठवली. आईने त्याचं ताट त्याच्यासमोर आणून ठेवलं.

पेत्रोरेमाचा संगणक प्रामाणिकच होता. सोमवारी सकाळी वृत्तान्त नगरपालिकेच्या संकेतस्थळावर झळकला: डॉक्टरांची फेरी पूर्ववत वरच्या लेफ्काला, प्रस्तावाला नगराध्यक्षांची संमती, ठराव मागे. किरिया एव्रिदिकीबाईंनी त्यावर शिक्काही मारला. दहा वाजता पंचायतीचा फोन वाजला.

"झिसिस! काय लिहिलंय हे? मी 'नाही' म्हणालो होतो!"

"हो साहेब? कितव्या मिनिटाला?"

"मिनिट कसलं विचारतोस! सगळ्या गावाने ऐकलंय!"

"गावाने काय ऐकलं ते ग्राह्य नसतं, साहेब," झिसिस अतिशय नम्रपणे म्हणाला. "तुमचंच परिपत्रक आहे." मग तो पुढे म्हणाला, "दुरुस्ती करता येईल. पुन्हा सभा घेऊ. तुम्ही वर या, यंत्रासमोर बसा, आणि तोंडाने, सावकाश, पूर्ण म्हणा: 'नाही, वरच्या लेफ्काच्या म्हाताऱ्यांना डॉक्टर मिळणार नाही.' शब्द लांब असला की प्रोग्रॅम काढत नाही. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर येईल. मतदानाला अजून सतरा दिवस आहेत, सगळ्यांना ऐकायला वेळ मिळेल. कधी ठेवू?"

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही.

"साहेब, आपण काही बोलत नाही. मग मी काय समजू?"

नगराध्यक्षांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. साडेनऊला निळी गाडी शेवटच्या वळणावर दिसली आणि पायऱ्यांवरची साठ माणसं उभी राहिली. गाडीमागे आणखी एक गाडी होती. तीतून नगराध्यक्ष उतरले, आणि त्यांच्यामागून खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस. नगराध्यक्षांचा चेहरा नेहमीपेक्षाही लाल होता, पण हसू जागच्या जागी होतं.

"मित्रांनो!" ते सगळ्यांत वरच्या पायरीवर चढून म्हणाले. "काही लोकांनी तुमचा डॉक्टर पळवायचा घाट घातला होता. मी तो मोडून काढला! अरिस्तिदिसने तुम्हांला कधी नकार दिलाय?"

"काय निर्लज्ज आहे!" किरा पेलागिया फणकारली.

"टाळ्या वाजव, आई," झिसिस कानात म्हणाला. "डॉक्टर आलीय ना?"

तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच नगराध्यक्षांचा हात एकदम कठड्याकडे गेला. पायरी चुकली असं आधी वाटलं, पण ते डोळे मिटून कपाळ दाबत होते. डॉक्टर मिर्तोने, पात्रा शहरातून आलेल्या त्या बारीकशा मुलीने, बॅग न उघडताच त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं. नियमाने पहिला नंबर किरा पेलागियाचा होता. तिने तो दिला, पण दारातून हलली नाही. तिच्यामागे बाकी रांग उभी राहिली, आणि कॅमेरावाला आत शिरायला जागा शोधत राहिला.

"दाब बराच चढलाय," डॉक्टर पट्टा फुगवत म्हणाली. तिचं लक्ष काट्यावर होतं. "दोन दिवसांत काही झालं का? झोप लागते?"

नगराध्यक्षांनी भुवया उचलल्या, मान मागे टाकली. "च्च."

"मान हलवू नका, काटा उडतो. तोंडाने सांगा. झोप लागते का?"

नगराध्यक्षांनी दाराकडे पाहिलं. दारात पेलागिया होती, तिच्या खांद्यावरून स्तेर्यिओस डोकावत होता, लाम्ब्रिनी होती, अध्यक्ष होते, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून कॅमेऱ्याची काच चमकत होती. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाली. "मला इथे लिहायचंय. झोप लागते?"

"नाही," नगराध्यक्ष म्हणाले.

"मीठ बंद केलंत?"

"नाही."

"दारू?"

"नाही! नाही केली बंद!"

बावीस वर्षांत हा शब्द दारातल्या माणसांनी या तोंडून ऐकला नव्हता, आणि आता तीन ओळीने आले होते, एकेक मोजून, पूर्ण. स्तेर्यिओसने आदराने टोपी काढली. पट्ट्यातली हवा सोडताना डॉक्टर म्हणाली की साहेबांनी महिनाभर दर आठवड्याला दाब तपासून घ्यायला हवा. पेत्रोरेमाला सोय आहे का? ते म्हणाले, नाही. मागच्या वर्षी त्यांनीच ती बंद केली होती. मग त्यांनी दर मंगळवारी इथेच यावं, असं तिने लिहून दिलं.

किरा पेलागियाने पाहिलं की ते उठताहेत, तेव्हा तिने काठी झिसिसच्या हातात दिली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"शिकतोय बिचारा," ती म्हणाली. "चल, सरक आता, माझा नंबर आहे."